कोणता डबा शोधायचा? फेव्हरिट पॉइंटांचं गणित

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश घेऊन कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवून यायचा. नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा ठेवला गेला. आज जगभर असे लाखो डबे आहेत. त्यांतले कोणते शोधण्यासारखे, हे कळावं म्हणून जिओकॅशिंग डॉट कॉम या साइटने डिसेंबर २०१० मध्ये फेव्हरिट पॉइंट सुरू केले. या पॉइंटांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दोन दिवसांसाठी प्रागला जायचं आहे. नकाशा उघडला तर डब्यांचा नुसता सडा पडलेला दिसतो. मित्र म्हणतो, फेव्हरिट पॉइंटांप्रमाणे यादी लाव आणि वरचे वीस घे. हे बरोबर आहे का? (स्टुटगार्ट)

अर्धं बरोबर आहे. यादी लावा, पण वरचे वीस डोळे मिटून घेऊ नका.

पॉइंट मिळतात कसे ते आधी पाहा. दहा डबे शोधले की एक पॉइंट हातात येतो. तो फक्त प्रीमियम, म्हणजे पैसे भरून झालेले, सदस्यच देऊ शकतात, तोही स्वतः शोधल्याची नोंद केलेल्या डब्याला आणि एका डब्याला एकच. उणे पॉइंट नाही, तारे नाहीत, ‘ठीकठाक’ म्हणण्याची सोय नाही. त्यामुळे डब्यापुढचा आकडा गुण दाखवत नाही. किती जण तिथे गेले आणि त्यांतल्या किती जणांनी आपल्या मोजक्या पॉइंटांतला एक तिथे खर्च केला, या दोन्ही गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात.

पर्यटकांच्या शहरात ही मिसळण फार फसवते. समजा, पुलाजवळच्या एका डब्याला ३०० पॉइंट आहेत आणि तो ३,००० प्रीमियम सदस्यांनी शोधला आहे. म्हणजे दहातल्या नऊ जणांना त्यावर पॉइंट खर्च करावासा वाटला नाही. ट्रॅमने वीस मिनिटांवरच्या एखाद्या बागेतल्या डब्याला २४ पॉइंट आहेत, पण शोधणारे प्रीमियम सदस्य अवघे ४०. इथे दहातल्या सहा जणांनी पॉइंट दिला. आकड्याप्रमाणे यादी लावली की पहिला डबा शिखरावर जातो आणि दुसरा पार तळाला.

म्हणून असं करा. साइटवरच्या शोधात ‘मी न शोधलेले’ हा पर्याय लावा आणि किमान पॉइंट १० ठेवा. १०० ठेवलेत तर बागेतला डबा चाळणीतून गळून जाईल. भूभागाची १ ते ५ मधली श्रेणी, म्हणजे ‘टी’, आपल्या पायांना झेपेल तिथपर्यंत ठेवा. दोन दिवसांच्या शहरभेटीला २.५ पुरे. मग उरलेल्या डब्यांची पानं एकेक उघडून पॉइंटांच्या आकड्यावर क्लिक करा. प्रीमियम शोधणाऱ्यांपैकी किती टक्क्यांनी पॉइंट दिला ते तिथे दिसतं. एकेक पान उघडायला वेळ लागतो, पण खरी निवड तिथेच होते.

प्रकारही बघून घ्या. व्हर्च्युअल आणि अर्थकॅशमध्ये डबा नसतोच. जागेवर जाऊन काहीतरी पाहायचं आणि प्रश्नाचं उत्तर पाठवायचं, किंवा फोटो टाकायचा. अशा ठिकाणी पॉइंट मिळतो तो जागेला. प्राग पाहायचंच आहे, तेव्हा ते चालेल, पण कल्पक लपवणूक अनुभवायची असेल तर तिथे निराशा होईल. मिस्ट्री प्रकारातलं कोडं बहुतेकदा घरी बसून सोडवायचं असतं. नकाशावरचा प्रश्नचिन्हाचा बिंदू ही डब्याची खरी जागा सहसा नसते, त्यामुळे कोडं न सोडवता तिथे गेलात तर हात हलवत परत याल. मल्टी म्हणजे एका जागेवरून पुढच्या जागेचा पत्ता मिळत जाणारा डबा. त्याला चार-पाच टप्पे असतील तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. अ‍ॅडव्हेंचर लॅब हा फोनवरच्या अ‍ॅपवर खेळायचा वेगळाच प्रकार आहे. त्याला एक ते पाच तारे देता येतात आणि ते फेव्हरिट पॉइंटांशी जुळवून पाहता येत नाहीत.

इतकं केल्यावर हाती सहा-आठ डबे उरले तरी दोन दिवसांना ते भरपूर झाले.

प्रश्न : टक्केवारी पाहू लागलो, तर १०० टक्केवाले डबे सापडले. उघडून बघितलं तर शोधणारे दोन आणि पॉइंट दोन. याचा काय अर्थ घ्यायचा? (सिएटल)

फारच थोडा. दोन माणसांच्या मतावर काही ठरत नाही, आणि ती दोघं मालकाचे, म्हणजे डबा लपवणाऱ्याचे, मित्रही असू शकतात. नव्या डब्यावर सर्वांत आधी पोहोचणारा कधीकधी पहिलं येण्याच्या आनंदातच पॉइंट देऊन टाकतो.

संख्याशास्त्रात यावर जुना उपाय आहे. एडविन विल्सन यांनी तो १९२७ मध्ये मांडला. मिळालेल्या टक्केवारीला जसंच्या तसं न घेता, इतक्या कमी मतांवरून खरी पसंती निदान किती असावी याची खालची मर्यादा काढायची. ९५ टक्के खात्री धरली तर उत्तरं अशी येतात : २ पैकी २ पॉइंट म्हणजे ३४ टक्के. ८ पैकी ६ म्हणजे ४१ टक्के. ४० पैकी २४ म्हणजे ४५ टक्के. आणि ३,००० पैकी ३०० म्हणजे ९ टक्के. दोनपैकी दोनवाला डबा शंभरावरून थेट चौतीसवर आला आणि चाळिसांपैकी चोवीसवाला त्याच्या पुढे गेला. प्रोजेक्ट-जीसी या संकेतस्थळावर हा विल्सन आकडा तयार मिळतो. तिथून यादी लावली तर टक्केवारीची ही फसगत टळते.

रस्त्यात उभं राहून हिशेब करायचा असेल तर सोपी युक्ती आहे. प्रीमियम शोधणाऱ्यांच्या संख्येत ४ मिळवा आणि पॉइंटांना त्या बेरजेने भागा. २४ भागिले ४४, ६ भागिले १२, २ भागिले ६. उत्तरं ५५, ५० आणि ३३ टक्के येतात. आकडे विल्सनइतके काटेकोर नाहीत, पण क्रम बहुधा तोच राहतो आणि निवडायला क्रमच लागतो.

विल्सनचं सूत्र लावूनही तीन गोष्टी सुटत नाहीत. पहिली, जुन्या डब्यांची. २०१० च्या आधी ज्यांनी डबा शोधला त्यांना नंतर पॉइंट देता येत होता, पण दहा वर्षांच्या नोंदी चाळत बसणारे थोडेच. त्यामुळे २००२-०३ मधल्या चांगल्या डब्याची टक्केवारीही खाली दिसते. दुसरी, अवघड डब्यांची. टी ५ म्हणजे दोर, होडी किंवा पाणबुड्याचा पोशाख असं काहीतरी खास साहित्य लागणार. तिथे जातात तेच, ज्यांना त्याची हौस आहे. त्यांनी ७० टक्के दिले म्हणून तुम्हालाही आवडेल असं नाही. तिसरी गोष्ट, पॉइंट न देण्याचं कारण कधीच कळत नाही. डबा आवडला नाही की पॉइंट शिल्लक नव्हते, हे आकडा सांगत नाही.

सिएटलमध्ये राहता म्हणून एक भर. जिओकॅशिंगचं मुख्यालय तुमच्याच शहरात आहे आणि तिथल्या डब्याला हजारोंनी पॉइंट आहेत. ते या खेळाच्या पंढरीला आलेल्यांनी दिलेले आहेत. इतर डबे मोजायला ती पट्टी वापरू नका.

प्रश्न : नेवाडातल्या वाळवंटी रस्त्यावर ओळीने शेकडो डबे आहेत. पॉइंट जवळजवळ नाहीतच, तरी लोक लांबून येतात. मग पॉइंटांना अर्थ काय राहिला? (फिनिक्स)

याला पॉवर ट्रेल म्हणतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे. ते अंतर राखून एकाच रस्त्यावर एकसारख्या डब्या ठेवत जायचं. माणसं तिथे संख्येसाठी येतात. गाडी थांबवायची, सही करायची, पुढे निघायचं. त्यातल्या ३४७ व्या डबीला वेगळा पॉइंट कोण देणार? पूर्ण मालिका आवडली तर बहुतेक जण पहिल्या किंवा शेवटच्या डबीला पॉइंट देतात. म्हणून पॉवर ट्रेलचा अंदाज घ्यायचा तर ओळीची दोन टोकं तपासा, मधल्यांचे शून्य पाहून मत बनवू नका.

या प्रश्नात याहून महत्त्वाची एक बाब दडली आहे. दोन दिवसांत अशा ५०० डब्या शोधणाऱ्याच्या हातात ५० नवे पॉइंट येतात आणि त्या रस्त्यावर ते द्यावेत असं काही नसतं. मग तो ते पुढे सढळ हाताने वाटतो. याउलट, एकेका डब्यासाठी दिवसभर डोंगर चढणाऱ्याला दहा शिखरांनंतर एक पॉइंट मिळतो, आणि त्या दहांतले आठ पॉइंट देण्याच्या योग्यतेचे असतात. दोघांचा पॉइंट पानावर सारखाच दिसतो. खरं तर डोंगरातल्या डब्याच्या १५ पॉइंटांमागे महामार्गावरच्या ४० पॉइंटांपेक्षा जास्त पसंती असू शकते. आमच्या मते या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष हाच आहे आणि कुठल्याही सूत्राने तो जात नाही.

यावर माणसं ओळखणं हाच मार्ग. तुम्हाला मनापासून आवडलेल्या चार-पाच डब्यांची पानं उघडा आणि त्यांना पॉइंट कुणी दिले त्यांची नावं पाहा. दोन-तीन नावं पुन्हापुन्हा दिसतील. त्यांची आवड तुमच्याशी जुळते. त्यांनी आणखी कशाला पॉइंट दिले, ते त्यांच्या प्रोफाइलवरच्या फेव्हरिट यादीत बघता येतं. अनोळखी शंभरांच्या आकड्यापेक्षा अशा तिघांची यादी जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : ९० पॉइंटांचा डबा म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. डबा उघडायचं यंत्र गंजलेलं, कागदाचा लगदा झालेला. इतके पॉइंट असताना असं कसं? (लंडन)

कारण पॉइंटाला तारीख-वार नसतो. २०१५ मध्ये लाकडी पेटीतली कळ सुरेख चालत होती तेव्हा दिलेला पॉइंट आजही तसाच उभा आहे. देणारा तो काढून घेऊ शकतो. काढला की तो त्याच्याकडे परत येतो आणि दुसऱ्या डब्याला देता येतो. पण इतक्या वर्षांपूर्वीच्या डब्याची आज काय अवस्था आहे हे त्याला कुठून कळणार? कधी मूळ डबा हरवतो आणि कुणीतरी तिथे साधी प्लास्टिकची डबी टाकून सापडल्याची नोंद करतो. डबा बदलला तरी पानाचा क्रमांक तोच, म्हणून पॉइंटही तेच.

निघण्यापूर्वी शेवटच्या दहा नोंदी वाचा, यात सूट नाही. लागोपाठ दोन-तीन ‘सापडला नाही’ दिसले तर थांबा. मालकाचं लक्ष हवं अशी नोंद आहे का आणि त्यानंतर मालकाने दुरुस्ती केल्याचं लिहिलं आहे का, ते बघा. नोंदींची लांबीही बोलते. पूर्वी लोक पाच-सहा ओळी लिहीत होते आणि गेलं वर्षभर नुसतं ‘धन्यवाद’ येत असेल, तर तिथलं काहीतरी बिघडलेलं आहे. हिवाळ्यानंतरची पहिली नोंद विशेष लक्ष देऊन वाचा, कारण पाणी गोठून फुगलं की झाकणाला तडा जातो आणि तो पुढच्या ओलीतच उघड होतो.

तुम्हीही घरी जाऊन ‘कागद भिजलेला, कळ अडकते’ असं स्पष्ट लिहा. पुढच्या माणसाची फेरी वाचेल.

प्रश्न : सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन जायचं आहे. किती पॉइंटांचे डबे घ्यावेत? (टोरांटो)

मुलांच्या बाबतीत पॉइंट बाजूला ठेवा. मोठ्यांनी दाद दिलेला डबा बोटाच्या पेराएवढा असू शकतो, आणि मुलांना डबा उघडल्यावर आत वस्तू हव्या असतात. आकार आधी पाहा. मायक्रो म्हणजे १०० मिलिलिटरपेक्षा लहान, त्यात सहीचा कागद जेमतेम मावतो. स्मॉल १ लिटरपर्यंत आणि रेग्युलर २० लिटरपर्यंत. अदलाबदलीची खेळणी अशा मोठ्या डब्यांतच असतात. शोधायची अवघडपणाची श्रेणी २ आणि भूभाग २ याच्या वर जाऊ नका. पानावर लहान मुलांसाठी योग्य असल्याचं चिन्ह असलेले डबे गाळून घ्या आणि शेवटचा शोध महिन्याभरातला हवा. दोन सारखे डबे उरले तर त्यांतला टक्केवारीने वरचा घ्या, एवढंच पॉइंटांचं काम. घरून चार छोट्या वस्तू न्या. एक घेतली तर त्याच तोडीची एक ठेवायची. खाऊ ठेवायचा नाही, कारण वासाने प्राणी डबा फोडतात.

प्रश्न : पुण्याच्या आसपासच्या बहुतेक डब्यांना पॉइंट दोन-चारच दिसतात. म्हणजे आपल्याकडचे डबे कमी प्रतीचे का? (पुणे)

नाही. आपल्याकडे खेळणारे कमी आणि त्यांत प्रीमियम सदस्य आणखी कमी. ज्यांच्याकडे ते सदस्यत्व नाही त्यांना डबा कितीही आवडला तरी पॉइंट देता येत नाही. शिवाय जवळपास डबे कमी असले की दहाचा टप्पा गाठायलाच कित्येक महिने जातात. जर्मनीत एका शनिवार-रविवारात होणारं काम इथे वर्षभर पुरतं. त्यामुळे परदेशातली चाळणी इथे लावू नका. किमान पॉइंटांची अट काढूनच टाका. वर्णन नीट वाचा, नोंदी वाचा, शेवटचा शोध कधीचा ते पाहा. पावसाळ्यानंतर कुणी गेलेलं नसेल तर डबा जागेवर असेलच याची खात्री धरू नका. इथे बऱ्याच नोंदी कामानिमित्त आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या असतात. त्या सविस्तर असतील तर दोन पॉइंटांपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवा.

प्रश्न : स्वतः डबा लपवायचा आहे. लोक पॉइंट देतील असं काय करावं? (कोल्हापूर)

जागा किंवा करामत, यांतलं एक तरी अस्सल हवं. कोल्हापूरच्या पावसात इलेक्ट्रॉनिक करामत टिकणार नाही, म्हणून पाण्यावर चालणारी सुचवतो.

दीड इंची पीव्हीसी पाइपचा अर्धा मीटर तुकडा घ्या. खालचं तोंड एंड कॅप आणि सॉल्व्हंट सिमेंटने बंद करा आणि चोवीस तास सुकू द्या. बुडापासून एक सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. आत प्लास्टिकची बाटली फुगवण्याआधीची जाड नळी सोडा. तिला खेळाडू पेटलिंग म्हणतात आणि तिचं झाकण घट्ट बसतं. सहीचा कागद गुंडाळून तिच्यात ठेवा. शोधणाऱ्याने पाइपात पाणी ओतलं की नळी तरंगत वर येते. पाइपात साधारण ६३० मिलिलिटर पाणी मावतं, ओतताना थोडं भोकातून जातं, म्हणून लिटरची एक बाटली पुरते. ओतणं थांबलं की दीडेक मिनिटात पाइप रिकामा होतो आणि नळी पुन्हा तळाशी जाते.

बिघडतं कुठे? भोक १ मिलिमीटरचं ठेवलं तर मातीने बुजतं, पाणी साचतं, डास होतात आणि पुढच्या माणसाला नळी आयतीच वर दिसते. ५ मिलिमीटरच्या पुढे गेलात तर ओतता ओतताच बरंच पाणी वाहून जातं. नळी आणि पाइप यांच्यात चहूबाजूंनी किमान ४-५ मिलिमीटर मोकळं हवं, नाहीतर वाळलेलं पान अडकून नळी मध्येच रुतते. नळी उभी तरंगावी म्हणून तिच्या बंद टोकात, कागदाच्या खाली, एक छोटा स्टीलचा नट टाका आणि पाइपात सोडण्याआधी बादलीत तपासा. झाकणाचं टोक पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. पाइपाच्या तोंडावर सैल टोपी ठेवा. पाणी बरोबर आणावं लागेल हे पानावर लिहा, नाहीतर लोक काडीने उकरतील आणि आठवड्याभरात सगळं मोडेल.

आता जागा. पाइप जमिनीत पुरायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, हे खेळाचे नियमच आहेत. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडावर किंवा देवळात डबा लपवू नका. स्टेशन, धरण, सरकारी इमारत यांच्या जवळपासही नको, बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना बोलवावं लागेल. ओळखीच्या शेताचं कुंपण, एखाद्या उपाहारगृहाचं आवार, अशी जागा मालकाच्या परवानगीने घ्या आणि पाइपावर जिओकॅशिंगचा खेळ असल्याचं मराठीत लिहा. लोणारसारख्या ठिकाणचं भूशास्त्र दाखवायचं असेल तर डबा न ठेवता अर्थकॅश करता येतो, त्यासाठीही जागा सांभाळणाऱ्यांची परवानगी लागू शकते.

जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा तरी फेरी मारा, भोक तारेने साफ करा आणि कागद बदला. दुरुस्ती केली की पानावर तशी नोंद टाका. वर सांगितल्याप्रमाणे लोक पॉइंटांच्या आधी शेवटच्या नोंदी वाचतात, आणि त्यांत मालकाची ताजी नोंद दिसली की पाण्याची बाटली भरून घराबाहेर पडतात.